राखणदाराची ओळ

दिवाळीचा कंदील अजून गॅलरीत लटकतो आहे. तुळशीचं लग्न लागेपर्यंत तो उतरवायचा नाही, हा आमच्या आईचा कायदा. कंदिलापलीकडे समोरची इमारत दिसायला हवी. ती सकाळी उशिरापर्यंत दिसत नाही. बाबा याला कौतुकानं 'थंडी पडली' म्हणायचे. कसली थंडी? स्वेटर कपाटातून निघत नाहीत आणि पंखा बंद होत नाही. खरं धुकं डोळ्यांना कळतं, हे नाकाला कळतं. त्यात जळक्या प्लास्टिकचा वास असतो, पाडलेल्या जुन्या इमारतींची माती असते. घाटकोपरात पहाटेचा वारा देवनारच्या कचराडेपोच्या अंगानं येतो, दुपारी तो समुद्राकडून वाहायला लागतो, आणि मग आपल्याला वाटतं, हवा सुधारली. ती सुधारलेली नसते, दुसऱ्या कुणाच्या तरी गॅलरीत गेलेली असते.

मी मुलुंडच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. या हवेत काय काय असतं त्याची नावं मला पाठ आहेत. नावं पाठ असल्यानं श्वास सोपा होत नाही, हे मात्र घरी शिकलो.

हॉलमध्ये वैजूची बॅग उघडी पडली आहे. वैजू म्हणजे वैजयंती, माझी धाकटी बहीण. कुणाच्या घरी लगनसराईचा मोसम असतो, कुणाच्या घरी परीक्षेचा. आमच्या घरी हवामान परिषदेचा मोसम असतो. दरवर्षी या सुमाराला जगातले सगळे देश कुठल्या तरी शहरात जमतात. कुणी किती धूर सोडायचा, किती कमी करायचा, आजवर सोडलेल्या धुरानं ज्यांचं वाटोळं झालं त्यांना कुणी काय द्यायचं, यावर दोन आठवडे घासाघीस करतात. वैजूची संस्था समुद्रकाठच्या छोट्या देशांना या घासाघिशीत मदत करते. या देशांची माणसं थोडी आणि बैठकांच्या खोल्या भरपूर. म्हणून वैजूसारखे लोक त्यांच्या मागे कागद घेऊन बसतात, आणि वेळ पडली तर त्यांच्या खुर्चीतही बसतात.

बॅगेत सगळ्यात वर शाल असते. परिषदेच्या हॉलात एसी इतका गार असतो की शालीशिवाय बसवत नाही. 'जगाक थंड करूक जमलेत मा?' बाबा म्हणायचे. 'निदान हॉल तरी केलानी.' हा विनोद ते दरवर्षी करायचे आणि दरवर्षी स्वतःच हसायचे. हसणं संपता संपता खोकला यायचा.

यंदा वैजू शाल घडी घालते, मोडते, पुन्हा घालते. मला दोन वर्षांमागचा नोव्हेंबर आठवत राहतो.

तेव्हा बाबांच्या खाटेशेजारी हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र आलं होतं. दिवसभर त्याची घरघर चालू असायची. सुरुवातीला तो आवाज नकोसा झाला, मग असा सवयीचा झाला की वीज गेली आणि तो थांबला तर आम्हीच दचकायचो. बाबांनी आधी गिरणीतला कापूस छातीत भरून घेतला, गिरणी गेल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथवर उभे राहून लोखंडाचा कीस घेतला, आणि निवृत्तीनंतर ही फुकटची हवा. तरी त्यांनी कधी तक्रार केली नाही. जिना चढताना ते पहिल्या मजल्यावर सोसायटीच्या नोटीस बोर्डापुढं थांबायचे आणि पाण्याची टाकी धुण्याची तीच ती जुनी नोटीस मन लावून वाचायचे. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला सोसायटीत रस वाढतो. ते दम खात होते. ते बोलले नाहीत आणि आम्ही समजून चाललो की सगळं ठीक आहे.

फिजिओथेरपीवाल्या मुलीनं त्यांना तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीनं श्वास ओढायचा, म्हणजे गोळ्या वर चढतात. बाबांची एकच चढायची, तीही अर्ध्यावरून परत यायची. दुसरीकडे बघत ते म्हणायचे, 'बाकीच्यो दोन आळशी आसत.'

त्या नोव्हेंबरात बाबांना जगाच्या राजकारणात एकदम गोडी वाटू लागली होती, आणि त्याला कारण होता एक दगड.

मालवणच्या बाजूला, समुद्राला लागून आमची थोडी जागा आहे. माडांची रांग जिथं संपते तिथं राखणदार. मूर्ती नाही, शेंदूर नाही, छतही नाही. काळा उभा दगड, माणसाच्या गुडघ्याएवढा. जागेची राखण तो करतो, रात्री काठी आपटत फिरतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. समुद्र पुढं सरकायला लागला तेव्हा आधी कडेचे माड गेले, मुळं उघडी टाकून आडवे झाले. मग भरतीचं पाणी दगडाला लागलं. बाबा शेवटचे गावी गेले तेव्हा राखणदार अर्धा पाण्यात उभा होता. मी म्हटलं, आपण तो उचलून मागं आणूया. बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी रसायनशास्त्रही खोटंच शिकवत असेन. राखणदार जागेचा असतो. जागा सोडून त्याला हलवायचं म्हणजे नुसता दगड हलवायचा. 'तो आमका राखता,' बाबा म्हणाले. 'तेका कोण राखतलो?'

वैजूनं ते वाक्य मनात धरलं. कुठल्याशा बेटावरच्या एका प्रतिनिधी बाईंबरोबर ती तेव्हा काम करत होती. त्या बाईंच्या वडिलांचं थडगं किनाऱ्यावर होतं आणि समुद्र त्याच्याजवळ येत चालला होता. त्यांचं नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बाबांनी त्यांचं 'बेटावरची बाय' असं बारसं करून टाकलं. या दोघींनी मिळून परिषदेच्या मसुद्यात एक ओळ घातली. पैशांत मोजता येत नाही अशा नुकसानीचीही दखल घ्यावी. पूजेच्या जागा, पूर्वजांना पुरलेल्या जागा, त्या जागांशी बांधलेली जगण्याची रीत, हेही नुकसानीत धरावं. एवढंच. पैसे किती, कुणी द्यायचे, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं.

वैजूनं फोनवर ती ओळ मराठीत करून सांगितली, तेव्हा बाबांनी नाकातली नळी सारखी केली आणि म्हणाले, 'म्हंजे आपलो राखणदार जगाच्या कागदार गेलो.' सावंतकाका शेजारचे, रोज संध्याकाळी बाबांशी बोलायला येत. त्यांनाही बाबांनी ते सांगितलं, पेपरवाल्यालाही सांगितलं. मग परिषद सुरू झाली आणि रोज दुपारी फोन आला की बाबांचा एकच प्रश्न, 'आसा मा ओळ?'

वैजूनं समजावलं, की आहे, पण चौकटी कंसात आहे. ज्यावर सगळ्यांचं एकमत झालेलं नाही ते शब्द कंसात ठेवतात. एकमत झालं की कंस निघतात.

'कळला,' बाबा म्हणाले. 'बोलणी झाली, सुपारी फुटूक नाय.'

'अगदी तस्संच बाबा,' वैजू म्हणाली. 'आणि मुलाकडचे नुसते जेवून जातायत.'

आमच्या घरातली कुठलीच मोठी गोष्ट गाऱ्हाण्यावाचून झालेली नाही. बाबा पाटावर नारळ ठेवायचे, हात जोडून उभे राहायचे आणि एका दमात देवाला सगळं सांगायचे. कोण कुठं निघालं आहे, काय हवं आहे, काय नको आहे. एकेक मागणं पुरं झालं की आम्ही सगळ्यांनी म्हणायचं, 'व्हय म्हाराजा!' तेही पुटपुटून चालायचं नाही. एखादा आवाज कमी पडला तर बाबा थांबायचे आणि वळून बघायचे. सगळ्यांचं होय आल्याशिवाय ते मागणं घराचं होत नाही, एकट्या बाबांचं राहतं, असा त्यांचा हिशेब.

परळची खोली सोडून आम्ही घाटकोपरला आलो त्या दिवशी वैजू गप्प राहिली होती. लहान होती, फ्रॉकची कड चावत उभी होती. बाबा थांबले. टेम्पो खाली उभा, गाद्या बांधलेल्या, आणि हा माणूस नारळ हातात धरून मुलीला विचारतो आहे, 'काय झाला गो?' तिला मैत्रिणी सोडायच्या नव्हत्या. त्यावर बाबांकडे इलाज नव्हता. पण बोलता बोलता ठरलं, की नव्या घरात खिडकीजवळची जागा तिची, आणि दर रविवारी परळला न्यायचं. मग ती ओरडली, 'व्हय म्हाराजा!' मगच नारळ फुटला. टेम्पोवाला वैतागला होता. खिडकीजवळ झोपायची माझी इच्छा कुणी विचारली नाही, कारण मी आधीच होय म्हणून बसलो होतो.

तर त्या नोव्हेंबरातल्या एका दुपारी वैजूचा फोन आला. परिषदेचे शेवटचे दिवस होते. बाबांना ऐकू जावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

'दादा, वाट लागली,' ती म्हणाली.

बेटावरच्या बाई दुसऱ्या हॉलमध्ये गेल्या होत्या, कारण तिथं धूर कमी करण्याच्या आकड्यांवर बैठक होती आणि त्यांच्या देशाकडून जायला दुसरं कुणी नव्हतं. जाताना त्यांनी वैजूला आपल्या खुर्चीत बसवलं. समोर देशाच्या नावाची पाटी. काही बोलायचं असेल तर पाटी उभी करायची, म्हणजे अध्यक्ष थांबतात. इतकी वर्षं वैजू मागच्या रांगेत बसलेली. पुढच्या खुर्चीत बसायची ही पहिलीच खेप. अध्यक्षांनी परिच्छेद वाचला. त्यातून ती कंसातली ओळ गाळलेली होती. 'कुणाची हरकत?' असं विचारत त्यांनी हॉलभर नजर फिरवली. सगळे गप्प होते. वैजूचा हात पाटीवर होता.

'मग उभी का नाही केलीस?' मी विचारलं.

'सगळे गप्प होते रे. कुणीच हो म्हटलं नाही. मला वाटलं, झालं नाही. आता ते परत विचारतील, थांबतील. तेवढ्यात त्यांनी हातोडी मारली.'

'अगं, पण तुला नियम माहीत आहे ना?'

'आहे ना. हरकत नाही म्हणजे मंजूर. झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण कान घरचे आहेत यार. कान होय ऐकायला थांबले.'

हातोडी पडली की परत काही उघडत नाही. बेटावरच्या बाई धावत आल्या तोवर अध्यक्ष पुढच्या परिच्छेदावर गेले होते. त्या रागावल्या नाहीत. वैजूच्या शेजारी बसल्या आणि तिच्या शालीचं एक टोक आपल्या खांद्यावर घेतलं. वैजूनं हे सांगितलं तेव्हा ती रडत होती.

बाबांनी नाकातली नळी काढली. ती काढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. आई उठायला लागली तर त्यांनी हातानं तिला बसवलं.

'गप रवला म्हंजे व्हय?' ते म्हणाले. 'ह्यो खयचो न्याय?'

वैजू म्हणाली, 'बाबा, इतके देश आहेत. प्रत्येकाला मोठ्यानं हो म्हणायला लावलं, तर कधीच काही ठरणार नाही.'

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि बाबांनाही ते माहीत होतं. आमच्याच गावात एका घरानं देवळात व्हय म्हटलं नाही, म्हणून जत्रा रखडली होती. भांडण कसलं, तर पालखी कुणाच्या दारावरून आधी न्यायची. लोक चिडले, देव बिचारा गाभाऱ्यात बसून राहिला. पण त्या घराला कुणी असं म्हटलं नाही, की तुम्ही गप्प होता म्हणजे तुमचा होकार होता.

बाबा बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. यंत्र उगीच चालू होतं, नळीतून हवा उशीवर जात होती. मग म्हणाले, 'रडा नको. फुडल्या वर्सा परत मांड. सुपारी परत मांडूक येता.' फोन ठेवल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या संध्याकाळी सावंतकाका आले तर त्यांना ओळीबद्दल काही सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं. वैजूचा रागही आला, आणि त्या अध्यक्षाचाही आला, ज्यानं फक्त आपलं काम केलं होतं.

पुढचं वर्ष बाबांनी पाहिलं नाही. फेब्रुवारीत, हवा जरा बरी झाली होती, तेव्हा ते गेले. यंत्र परत न्यायला माणूस आला आणि त्यानं बटण बंद केलं. तेव्हा घरात जी शांतता झाली, तिला होकार म्हणायला माझी अजून तयारी नाही.

त्यानंतर मला ही गोष्ट सगळीकडे दिसायला लागली. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी विचारतात, 'कुणाची हरकत नाही ना? मंजूर.' तेवढ्यात आवारातलं जांभळाचं झाड जातं आणि दोन गाड्या जास्त उभ्या राहतात. वर्गात मी विचारतो, 'समजलं?' मुलं गप्प, मी पुढं जातो. सकाळी गॅलरीत उभं राहून समोरची न दिसणारी इमारत बघतो. या हवेला आपण कधी हो म्हटलं होतं, ते आठवायचा प्रयत्न करतो. कुणी विचारलेलं आठवत नाही. हातोडी पडलेली मात्र दिसते.

गेल्या वर्षी, बाबांचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून, गाऱ्हाणं नव्हतं. वैजू तशीच गेली, तशीच आली. त्या ओळीवर कुणी चर्चाच केली नाही. यंदा पावसाळा संपल्यावर गावाहून चुलतभावाचा फोन आला. राखणदार आता ओहोटीलाही दिसत नाही. तो पाण्याखाली उभा आहे, की आडवा झाला, की वाळूत गेला, कुणाला ठाऊक नाही. चुलतभावानं फोटो पाठवला. फोटोत नुसता समुद्र होता, आणि तो छान दिसत होता.

आज दुपारी वैजू निघते आहे. आईनं कालच सांगून ठेवलं होतं, की यंदा गाऱ्हाणं होणार, आणि ते मी घालायचं. सावंतकाका धुतलेला सदरा घालून आले. आवाज कमी पडू नये म्हणून, म्हणाले. मी पाटावरचा नारळ उचलला. माझी मालवणी घाटकोपरात वाढलेली, अडखळणारी. शिवाय हाक कुणाला मारायची हाच प्रश्न होता. जो उभा आहे की नाही हे माहीत नाही, त्याला?

तरी म्हटलं, 'बा राखणदारा म्हाराजा, तुझी लेक परत जगाच्या दारात उभी रवाक जाता हा. वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर. तिच्या कामाक येश दी, आणि गेली तशी सुखरूप परत हाड रे म्हाराजा.'

'व्हय म्हाराजा,' काका म्हणाले. आई म्हणाली. खाली टॅक्सी येऊन उभी राहिली होती, तिचा हॉर्न वाजला. मी नारळ फोडायला वाकलो.

आईनं माझं मनगट धरलं. 'ती गप आसा.'

'अगं, टॅक्सी आली. उशीर होईल तिला.'

'होऊं दे. गप रवला म्हंजे व्हय नाय. आधी इचार तिका.'

मी वैजूकडे वळलो. ती बॅगेची चेन धरून उभी होती. विचारायची गरज पडली नाही. ती म्हणाली, 'दादा, मी कशासाठी जाऊ रे? दगड गेला. बाबा गेले. आता ती ओळ आली काय आणि नाही आली काय. कुणाला सांगायची?'

सावंतकाका चष्मा पुसायला लागले. हॉर्न पुन्हा वाजला.

आई म्हणाली, 'त्या बेटावरच्या बायच्या बापाचा थडगा आसा मा अजून?'

वैजूनं वर पाहिलं. 'आहे. पाणी पायरीला लागतं आता.'

'मगे?' आई म्हणाली.

एवढं बोलून आई पुन्हा हात जोडून आपल्या जागी उभी राहिली. मी नारळ दोन्ही हातांत घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. राखणदाराला हाक मारली, वाटेतली इडापिडा सांगितली, आणि शेवटी बाबांच्या गाऱ्हाण्यात कधी नव्हतं ते घातलं, 'आणि समोरचे सगळे गप रवले, तर तिच्या हाताक बळ दी, पाटी उभी करूक, रे म्हाराजा.'

काका म्हणाले. आई म्हणाली. मग आम्ही तिघंही वैजूकडे बघत थांबलो. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता, आणि नारळ माझ्या हातात होता.